त्रिकमच्या चाळीची उंची

लालबागच्या त्रिकमच्या चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी एकोणीसशे ब्याऐंशीच्या मार्चमध्ये, शिमग्यानंतरच्या आठवड्यात, भर दुपारी खाली आली. त्या आठवड्यात चाळीत राहणाऱ्या माणसांची संख्या आधीच्या तीस वर्षांतली सर्वांत कमी होती.

सुमेधाला ही दोन्ही विधानं ठाऊक होती. पण ती तिच्या डोक्यात दोन निरनिराळ्या खणांत पडून होती. पहिलं विधान घरचं होतं. गिरगावातल्या दोन खोल्यांत, जेवताना, कपडे वाळत घालताना, कुणीही न उच्चारता ते बारा वर्षं वावरत होतं. दुसरं कचेरीतलं होतं, गिरणी संपाच्या वेळच्या एका पाहणीतलं, आणि कचेरीतल्या विधानांना वास नसतो. चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी, दादरच्या संस्थेतल्या लांबट हॉलमध्ये, हातात लाकडाची एक चौकोनी कांडी घेऊन ती प्लायवूडच्या फळीवर वाकलेली असताना दोन्ही खण एकदम उघडले. निमित्त क्षुल्लक होतं. कांडी फार उंच निघाली.

हॉलमध्ये अशा पाच फळ्या ओळीने मांडल्या होत्या. एकावन्न सालापासून एक्याण्णवपर्यंत प्रत्येक जनगणनेची एक. प्रत्येक फळीवर भायखळ्यापासून दादरपर्यंतचा तोच नकाशा चिकटवलेला, आणि त्यावर जिथे जिथे माणसं राहतात तिथे तिथे एक कांडी उभी. राहणारे जितके, तितकी कांडीची उंची. रस्ते, मैदानं आणि रेल्वेच्या जमिनी सपाट. एका फळीवरून दुसरीवर नजर नेली की चाळीस वर्षांत शहर कुठे फुगलं आणि कुठे बसलं हे आकड्यांशी वैर असलेल्या माणसालाही दिसावं, एवढाच या उपद्व्यापाचा हेतू होता. सुमेधाला तो पटला होता, कारण त्यात कल्पनेला जागा नव्हती. कांडी कापायची, मोजपट्टी लावायची, खोचायची. तिने संख्याशास्त्र शिकताना एक गोष्ट मनाशी पक्की केली होती की जगात दुःख पुष्कळ आहे, पण त्यातलं बरंचसं नीट न मोजल्यामुळे आहे. हे वाक्य तिचं नव्हतं, अप्पांचं होतं. फक्त ते तिचं कधी झालं, हे तिला सांगता आलं नसतं.

एक्याऐंशीच्या फळीवर त्रिकमची चाळ म्हणजे जनगणनेचा एक पूर्ण गट होता, त्यामुळे गोंधळाला वाव नव्हता. आकडा घ्यायचा, कांडी कापायची. तिने ती खोचली, आणि हॉलच्या खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात कांडीची सावली शेजारच्या दोन गल्ल्या ओलांडून एका गिरणीच्या आवारात जाऊन पडली. तिने आकडा पुन्हा पाहिला, मोजपट्टी पुन्हा लावली. बरोबर होतं. तिने बोटाने कांडी किंचित हलवून बघितली. घट्ट बसली होती. 

संस्थेचे संचालक माधवराव चहाचा कप घेऊन फेरी मारायला आले आणि फळीपाशी थांबले.

"सुमेधाबाई, ही चाळ आहे की कुतुबमिनार?"

"आकडा तसा आहे."

"असेल हो. पण प्रदर्शनाला पाहुणे येणार, त्यांची नजर आधी इथेच अडकणार. मग मी त्यांना काय सांगू, मोजणाऱ्याचा हात सैल होता म्हणून? तीनाने भागून टाका. शेजारपाजारच्यांत बसेल."

"तीनानेच का?"

"डोळ्यांनी तसं दिसतंय म्हणून. तुम्ही शास्त्रज्ञ लोक, तुम्हाला कारण लागतं. आम्हाला कप ठेवायला जागा लागते." असं म्हणून त्यांनी कप परळच्या रेल्वे वर्कशॉपवर ठेवला, कारण तेवढाच भाग मोकळा होता.

तीनाने भागलं तर येणारा आकडा सुमेधाला पाठ होता. तो तिने कोणत्याही तक्त्यात वाचला नव्हता. तो तिने अप्पांच्या तोंडून ऐकला होता, चौकशीच्या दिवसांत, सकाळी दाढी करताना, आरशाकडे बघत, मजल्यामजल्याचे आकडे आणि शेवटी त्यांची बेरीज, एखादा मंत्र पुटपुटावा तशी. अप्पा, म्हणजे तिचे वडील, चाळींच्या मालकीच्या एका खाजगी ट्रस्टकडे ओव्हरसियर होते. लालबाग-परळमधल्या ट्रस्टच्या सहा चाळी त्यांच्या देखरेखीखाली होत्या. कुठली तुळई बदलायची, कुठल्या जिन्याला टेकू द्यायचा, हे त्यांच्या सहीने ठरायचं. ऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्यांनी साऱ्या गॅलऱ्यांची तपासणी केली होती: लाकूड ठोकून पाहिलं, तुळयांची जाडी मोजली, मजल्यावर राहणारी माणसं मोजली आणि गॅलरी तेवढा भार सहज पेलेल असा निर्वाळा दिला. दोन वर्षांनी ती पडली. त्याच मजल्यावर राहणारा जगन आणि आणखी दोघे गेले. चौकशीत अप्पांना दोनच प्रश्न विचारण्यात आले. त्या मजल्यावर माणसं किती राहत होती? अप्पांनी आकडा सांगितला. मग गॅलरीत त्याच्या दुप्पट माणसं कुठून आली? अप्पा म्हणाले, राहणारी एवढी नव्हती हे मी खात्रीने सांगतो. बाकीची बाहेरची असली पाहिजेत. समोरच्या फुटपाथवरच्या एका दुकानदाराने आधीच सांगितलं होतं की गॅलरीत एक माणूस उभा होता आणि पुष्कळसे त्याच्यासमोर खाली बसले होते. संपाचे दिवस होते. एक उभा आणि पुष्कळ बसलेले, त्यांतले निम्मे बाहेरचे: याला सभा म्हणतात. सभा भरवणारा जगन, असं ठरलं. तो मेलेला असल्याने त्याने हरकत घेतली नाही, आणि जे वाचले त्यांना कुणी विचारलं नाही.

आता ही कांडी म्हणत होती की तिथे राहणारी माणसं अप्पांच्या आकड्याच्या तिप्पट होती. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. जनगणना चुकली असेल, तर अप्पा पुरते मोकळे होते. जनगणना बरोबर असेल, तर अप्पांनी एका मेलेल्या माणसावर कुभांड रचायला आकडा पुरवला होता, तोही शपथेवर, तोही मनापासून. सुमेधाला कोणतं उत्तर हवं होतं हे तिला स्पष्ट माहीत होतं. म्हणूनच तिने कांडी उपटली नाही. हवं असलेल्या उत्तराकडे नेहमी पाठ करून चालावं, हेसुद्धा अप्पांनीच शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा अप्पा नळावरून परतत होते. त्यांच्या मजल्याची गॅलरी लांब होती आणि तिच्या कडेला लोखंडी कठडा होता. अप्पा कठड्याच्या बाजूने कधी चालत नसत. डाव्या हाताची बोटं भिंतीला लावून, दारांवरून दारांवर सरकत, एका हातात पाण्याची कळशी धरून ते यायचे. भिंतीवर त्यांच्या बोटांच्या उंचीला एक तेलकट पट्टा उमटला होता. मजल्यावरची मुलं त्याला अप्पांची ट्रामलाइन म्हणत. दोनतीन बायका निवडायला भाजी घेऊन एकत्र बसल्या की अप्पा थबकायचे. "एका जागी बसू नका गं," ते हळूच म्हणायचे, "अंतर ठेवा, अंतर ठेवा." बायका हसून अर्धी वीत सरकायच्या आणि ते गेले की परत जवळ यायच्या. बकुळामावशी एकदा म्हणाल्या होत्या, "अप्पा, आम्ही काय हत्तिणी आहोत का?" अप्पांनी त्यांच्याकडे क्षणभर अशा नजरेने पाहिलं होतं की मावशी आकडेमोडीत सापडल्यासारख्या गप्प झाल्या.

"तुळई चांगली होती," जेवताना अप्पा म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं. बारा वर्षांत हे वाक्य आमटीत मीठ पडावं तसं अधूनमधून पानात पडायचं. "सागवानी होती. मी ठोकून पाहिली होती."

"हो, अप्पा."

"आतून पोकळ असती तर आवाज आला असता."

सुमेधा त्यांच्या हाताकडे बघत होती. तो हात घासापाशी थांबला होता आणि दोन बोटांच्या पेरांनी पाटावर हलकेच ठोकत होता. ठक्. ठक्. लाकडाला काही विचारत असल्यासारखा. चौकशीने त्यांना दोषी धरलं नव्हतं. बाहेरची माणसं, जादा भार, हे सारं त्यांच्या बाजूचं होतं, आणि तरीही हा माणूस बारा वर्षं भिंत सोडत नव्हता. ज्याचं उत्तर बरोबर असतं, तो असा ठोकत बसतो का? हा प्रश्न तिला यापूर्वी पडला नव्हता, कारण तो पडू नये अशी घराची मांडणी होती. आता तो तिच्या पानासमोर येऊन बसला आणि उठेना.

पुढचे काही दिवस तिने शास्त्राप्रमाणे वागण्याचा प्रयत्न केला. अप्पांनी मोजलेल्या साऱ्या चाळींचे आकडे तिने त्यांच्याकडूनच, प्रदर्शनासाठी म्हणून, काढून घेतले. त्यांना ते तोंडपाठ होते. मग तिने जनगणनेचे आकडे शेजारी ठेवले. ज्या चाळींत बिऱ्हाडं होती, नवराबायको, मुलं, म्हातारी माणसं, तिथे दोन्ही आकडे जवळजवळ एकच. ज्या चाळींत नुसते पुरुष राहत, कोकणातल्या आणि घाटावरच्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी धरलेल्या खोल्या, तिथे जनगणना अप्पांच्या तिप्पट. त्रिकमच्या चाळीत तिप्पट, तिच्या मागच्या चाळीत तिप्पट, काळाचौकीच्या बाजूच्या दोहोंत तिप्पट. चूक अशी वागत नाही. चूक एके ठिकाणी थोडी असते, दुसरीकडे फार, तिसरीकडे उलट दिशेला. जी चूक दर वेळी तीनच पट होते आणि फक्त एकट्या पुरुषांच्या खोल्यांत होते, ती चूक नसून नियम असतो. तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती इथे. अंधारात कुणीतरी आहे असं वाटण्याची ती भीती नव्हती; अंधारात जे आहे ते शिस्तीने उभं आहे, याची होती.

हॉलमध्ये दुपारी कुणी नसायचं. ती फळीभोवती फिरत राहायची. एक्याऐंशीच्या फळीवर उंच कांड्यांच्या मधोमध मोठमोठे सपाट चौकोन होते, आणि चहूबाजूंच्या उंचीमुळे ते सपाट न दिसता खोल दिसत. ती गिरण्यांची आवारं होती. गिरणीत कुणी राहत नाही, म्हणून उंची शून्य. तिने ते चौकोन स्वतःच कापले होते आणि त्यांच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आता ती त्यांच्याकडे पाहत राहिली, विहिरीत पाहावं तसं. शून्य कसं? पहाटे तिथे माणसं होती, दुपारी होती, मध्यरात्री होती. कोणत्याही क्षणी त्या चौकोनांत हजारो माणसं उभी होती, आणि तिच्या फळीने त्यांना तिथून उचलून चाळींत नेऊन, एकावर एक रचून, उभं केलं होतं. तिचा नकाशा अशा एका वेळेचा होता जी वेळ घड्याळात कधीच येत नाही: साऱ्या माणसांनी एकाच क्षणी घरी असण्याची वेळ. भौतिकशास्त्रातल्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल एवढी ढोबळ गोष्ट होती. माणसं नाहीशी होत नाहीत; एका ठिकाणी नसली तर दुसऱ्या ठिकाणी असतात. नळीने जोडलेल्या दोन भांड्यांतल्या पाण्यासारखी. एका भांड्याचं तोंड बंद केलं तर?

ब्याऐंशीच्या जानेवारीत संपाने ते बंद केलं होतं.

ती खुर्चीवर बसली, आणि बसता बसता मांडीखाली ऊब लागल्याचा तिला भास झाला. खुर्ची गार होती. ऊब चौदा वर्षांपूर्वीची होती. ऐंशी सालचा मे महिना, कॉलेजला सुट्टी, अप्पांनी तिला मोजमापाची फीत धरायला बरोबर नेलं होतं, आणि ती सव्वातीन-साडेतीनच्या सुमाराला त्रिकमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत उभी होती. खोलीभर ओळीने अंथरुणं: गोधड्या, चटया, उशाला ट्रंका. काहींवर माणसं भिंतीकडे तोंड करून झोपलेली. इतक्या झोपलेल्या पुरुषांच्या मध्ये उभं राहण्याचा संकोच, घामाचा, तेलाचा आणि सुताच्या धुळीचा दाट वास, आणि अप्पांचा शांत, स्वच्छ आवाज: "माणसांना विचारू नये. विचारलं तर वाढवून सांगतात, रेशनच्या सवयीने. आणि दिसतील तेवढी मोजावीत म्हटलं तर ती हलतात. अंथरुणं मोजावी. अंथरूण हलत नाही." किती सुंदर वाटलं होतं तिला ते. आपल्या घरी चार माणसं होती तेव्हा चार गाद्या होत्या. आई गेली आणि तिची गादी माळ्यावर गेली. माणूस आणि गादी. एकास एक. जगाचा याहून सोपा हिशेब असू शकत नव्हता.

अप्पा गॅलरीच्या तुळया ठोकायला बाहेर गेले. तिच्या पायांना रग लागली होती. कोपऱ्यातल्या अंथरुणावरचा माणूस नुकताच उठून, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेला होता. ती त्या रिकाम्या गोधडीच्या कडेवर टेकली. गोधडी गरम होती. दुसऱ्याच्या अंगाची ती ऊब तिला किळसवाणी वाटली आणि तरी ती उठली नाही. तेवढ्यात दारात एक दुसराच माणूस आला. केसांत, भुवयांत पांढरं सूत अडकलेलं, डोळे तांबारलेले. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "ताई, उठता जरा?" ती दचकून उठली. तो त्याच गोधडीवर, त्याच उबेत, आडवा झाला, आणि डोळे मिटण्याआधीच झोपला. अप्पा आत आले तेव्हा ती त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगणार होती. अप्पांनी गोधडीकडे नजर टाकली. "ते मोजलंय," ते म्हणाले.

हे तिने पाहिलं होतं. चौदा वर्षं तिच्यापाशी होतं. तिने ते आठवण म्हणून ठेवलं होतं, किळसेची एक लहानशी आठवण. पुरावा म्हणून नव्हे.

तिने कांडी उपटली. करवतीने तिचे तीन सारखे तुकडे केले आणि ते फळीवर शेजारी शेजारी उभे केले. प्रत्येक तुकडा अप्पांच्या आकड्याएवढा होता. मग एक तुकडा उचलून तिने गिरणीच्या चौकोनात ठेवला: कामावर. एक तिथेच राहू दिला: झोपलेला. तिसरा तिने कुठे ठेवावा हे तिला कळेना; तो तिच्या हातातच राहिला. जागा असलेला. तो खोलीत नसतो, कारण खोलीत दुसरा झोपलाय. तो रस्त्यावर, नाक्यावर, तालमीत, देवळाच्या पायरीवर असतो. जेवायला तेवढा येतो. कुठे बसून जेवतो?

हे मात्र मोजून कळण्यासारखं नव्हतं. विचारावं लागणार होतं.

जगनची बायको रखमा नायगावच्या बीडीडी चाळीत भावाकडे राहत होती. पूर्वी त्रिकमच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, तिची खानावळ होती. तो सारा मजला तिच्याकडे जेवायचा. सुमेधा बस उतरून पोलीस वसाहतीच्या बाजूने चालत गेली, आणि जिना चढताना आपण गॅलरीतून भिंतीच्या कडेने चालतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. रखमा दारात बसून सुकट निवडत होती. सुमेधाने आपलं नाव सांगितलं, अप्पांचंही सांगितलं. रखमाचे हात थांबले नाहीत.

"ओव्हरसियरचं चेडू तू? ये. बस गो. तेव्हा फीत धरून होतीस ती?"

"हो."

"मोठी झालीस. बापूस बरा आहे?"

"बरे आहेत."

"आमच्या माणसाक पुढारी करून ठेवला त्यांनी," रखमा म्हणाली. आवाजात धार नव्हती, आणि तेच सुमेधाला जड गेलं. "जन्मात कधी चार माणसांत बोलला नाही तो. लग्नात नाव घ्यायला सांगितला तर पळून गेला होता. सभा घेणार! जेवत होती गो माणसं. मी भाताची परात घेऊन आत वळले, तो आमटीची बादली घेऊन उभा. मागून आवाज झाला. वळून बघितलं तर समोर नुसतं ऊन."

 सुमेधाने विचारलं, "रखमाबाई, जेवायला सगळे गॅलरीतच बसायचे? आत नाही?"

"आत कसे? आत झोपलेले असायचे ना. कायमच कोण ना कोण झोपलेला. त्यांच्या अंगावर पानं मांडू?"

"आणि एकदम सगळे बसायचे?"

"नाय गो. गिरण चालू होती तेव्हा तीन पंगती. भोंगा झाला की एक पाळी सुटायची, ती जेवायची, मग दुसरी. संपात शिमग्यापर्यंत सवयीने तशाच चालल्या, पण भोंगाच नाय तर कोण आधी नि कोण मागून? तीनातला एक शिमग्याक गावाक गेलेला, राहिलेल्या सगळ्यांका एकदम भूक. एकच पंगत बसायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. निम्मी गॅलरी आधी मोकळी असायची, ती पण भरली." ती थांबली. मग सुकटीकडेच बघत, हलक्या आवाजात म्हणाली, "पण खरं सांगू? माझ्या पिंपाने घात केला. पाण्याचा पिंप होता माझा कोपऱ्यात. तो म्हणायचा, हलव गं, वजन आहे. मी म्हटलं, आज हलवते, उद्या हलवते. कोणाक बोलले नाय मी. बारा वर्षं झाली, घरात पिंप ठेवत नाय."

"पिंप किती वर्षं होता तिथे?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"मग पिंपाने नाही झालं."

रखमाने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तू कशावरून सांगतेस?"

"सांगते," सुमेधा म्हणाली, "पण आधी अप्पांना सांगायला हवं."

घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत राहिली. अप्पांचं वय झालं होतं, छाती नाजूक होती. ज्या वाक्याच्या आधाराने ते उभे होते, म्हणजे बाहेरची माणसं असली पाहिजेत, ते काढून घेतलं तर ते कशाला धरतील? भिंतीला ते आधीच धरून होते. गप्प बसणं सोपं होतं. कांडी तीनाने भागून शेजारपाजारच्यांत बसवता आली असती, आणि प्रदर्शनाला आलेल्या एकाही पाहुण्याची नजर अडकली नसती. मग जगन कायम सभा घेत राहिला असता, आणि रखमा कायम पिंप हलवत. तिच्या पर्समध्ये कांडीचे तीन तुकडे होते. चालताना ते एकमेकांवर आपटत होते. ठक्. ठक्.

अप्पा खिडकीपाशी बसले होते. तिने तिन्ही तुकडे त्यांच्यासमोर पाटावर उभे केले. त्यांनी चष्मा लावला, एक तुकडा उचलून त्याची कड अंगठ्याने तपासली.

"त्रिकमच्या चाळीत तुम्ही अंथरुणं मोजली होती, अप्पा."

"मोजली होती. एकूण एक."

"एका अंथरुणावर किती माणसं झोपायची?"

"एक." ते तिच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसे बघत होते. "एका अंथरुणावर एकच माणूस मावतो, सुमे."

"एका वेळी."

अप्पांनी तुकडा खाली ठेवला. मग दुसरा त्यावर ठेवला, आणि त्यावर तिसरा. कांडी उभी राहिली.  गॅलरीत कुणाच्या तरी रेडिओवर काही चाललं होतं, खालून हातगाडी गेली आणि जमीन किंचित हलली, पण कांडी पडली नाही.

"त्या दिवशी दुप्पट होती," ते अखेर म्हणाले. "तिप्पट नव्हती."

"शिमग्याला गेलेले परतले नव्हते. तिसरा हिस्सा गावी होता."

"म्हणजे ती तिथलीच." त्यांनी वरचा तुकडा काढून बाजूला ठेवला. उरलेल्या दोहोंवर बोट टेकवलं. "तुळई एवढ्यासाठी नव्हती. मी एकासाठी धरली होती." मग एकदम, "तुला कुणी सांगितलं?"

"रखमाबाईंना विचारलं."

"विचारलंस," अप्पा म्हणाले. हा शब्द त्यांनी जिभेवर थोडा वेळ ठेवला. मग ते उठले. भिंतीला हात न लावता दोन पावलं चालले, थांबले, आणि मग लावला. "जे सांगितलंस ते क्रमाने सांग. अहवालात असतं तसं. विशेषणं नकोत. उद्या मी ते घेऊन नायगावला जाईन आणि रखमाबाईंना वाचून दाखवीन. नंतर ट्रस्टमध्ये."

तिने क्रमाने सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. त्रिकमच्या चाळीत एका अंथरुणावर तीन पाळ्यांची तीन माणसं आळीपाळीने झोपत. तपासणीत अंथरुणं मोजली गेली आणि एका अंथरुणाचा एक माणूस धरला गेला, म्हणून राहणाऱ्यांची संख्या तिसरा हिस्सा निघाली. खोलीत सतत कुणीतरी झोपलेलं असल्याने माणसं गॅलरीत बसून जेवत. गिरण्या चालू असताना तीन पंगती होत आणि गॅलरीवर एका वेळी एका पाळीचा भार येई. तेवढा ती पेलत होती. संपात पाळ्या संपल्या, शिमग्यानंतर वेगळ्या पंगतीही संपल्या, पण गॅलरीत जेवण्याची रीत संपली नाही. तिसरा हिस्सा माणसं गावी गेलेली असूनही उरलेल्या दोन पाळ्या एकाच पंगतीला बसल्या आणि भार दुप्पट झाला. तुळई कुजलेली नव्हती. पाण्याच्या पिंपाचा संबंध नव्हता. बाहेरचं कुणी नव्हतं. उभा असलेला माणूस आमटी वाढत होता.